व्हिनीनं काय जाळलं

खोलीत आम्ही आठ जण होतो. ऑक्टोबरातला शनिवार, दुपारचे तीन वाजत आलेले. अमेरिकेतल्या अ‍ॅमर्स्टच्या मेन स्ट्रीटवरचं, कवयित्री एमिली डिकिन्सनचं पिवळट रंगाचं विटांचं घर, वरच्या मजल्यावरची नैर्ऋत्येची खोली. (गावाचं नाव लिहिताना मधे एक ‘ह’ येतो, पण तिथली माणसं तो गिळतात, म्हणून मीही लिहीत नाही.) भिंतींवर गुलाबाच्या नक्षीचा कागद, एका कडेला पलंग आणि खिडकीपाशी एक टेबल. इतकंसं, जेमतेम दीड फूट चौरस. आपल्याकडचा चौरंग बरा म्हणायचा. मूळ टेबल हार्वर्डला आहे, इथं त्याची प्रतिकृती. तरीही सगळे त्याच्याभोवतीच घोटाळत होते. माहिती सांगणाऱ्या बाई साठीपुढच्या असाव्यात, आवाज मऊ, घाई अजिबात नाही. त्यांनी टेबलाकडून आमचं लक्ष काढून खणांच्या कपाटाकडे वळवलं आणि म्हणाल्या, “मे १८८६ मध्ये एमिली गेली. जाण्यापूर्वी तिनं धाकट्या बहिणीला कागदपत्रं जाळायला सांगितलं होतं. बहिणीनं शब्द पाळला, आलेली सगळी पत्रं जाळली. आणि मग तिला कविता सापडल्या. त्यांच्याबद्दल एमिली काहीच बोलून गेली नव्हती.” त्या थांबल्या, आणि अगदी सहज, रोज शंभरदा विचारत असल्यासारखं त्यांनी विचारलं, “लव्हिनियाच्या जागी तुम्ही असता तर?”

एक कॉलेजातला मुलगा लगेच म्हणाला, ठेवल्याच असत्या. एक गृहस्थ म्हणाले, शब्द तो शब्द, मी काही उघडलंच नसतं. मग बाईंची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर मेपलची पानं लाल झाली होती आणि रस्त्यावरून एक स्कूलबस रिकामीच चालली होती. बाई समजूतदार होत्या, पुढच्या वाक्याला लागल्या.

घरी परतताना गाडीत दोन तास मी त्या प्रश्नाचं उत्तर जुळवत होते. खरं तर जुळवायचं काहीच नव्हतं. मी लव्हिनियाच्या जागी होते. मी जाळलं होतं.

मावशी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. साताऱ्याच्या जुन्या घरात ती एकटी राहायची, लग्न केलेलं नव्हतं, तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. शेवटच्या आठवड्यात मी तिच्याजवळ होते. एका संध्याकाळी तिनं उशी जरा वर करायला सांगितली आणि म्हणाली, “कपाटाच्या खालच्या कप्प्यात माझ्या वह्या आहेत. बघू नकोस. बंबात घाल.” मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणतात? चौथ्या दिवशी पहाटे, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना मी तो कप्पा उघडला. दोनशे पानी वह्या, तेरा होत्या, सगळ्यांना खाकी कव्हरं. मागच्या अंगणात तांब्याचा बंब धुमसत होता. मी एक एक वही घालत गेले. वही सरळ घातली तर पेटत नाही, तिच्या कडा नुसत्या काळ्या पडतात. पानं सुटी करावी लागतात. म्हणून मला त्या उघडाव्या लागल्या. मी बघितलं नाही. म्हणजे वाचलं नाही. पण डोळ्यांना दिसायचं ते दिसतंच. निळी शाई होती, मावशीचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर होतं, आणि बऱ्याच पानांवर ओळी उजव्या टोकापर्यंत पोचत नव्हत्या. मधेच तुटून खाली येत होत्या. वाण्याची यादी असेल, मी स्वतःला सांगितलं. वाण्याच्या यादीतल्या ओळीही टोकापर्यंत जात नाहीत. त्या दिवशी मामा आंघोळ करून बाहेर आला आणि पंच्यानं डोकं पुसत म्हणाला, “आज पाणी छान कडक तापलंय.”

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

एमिली डिकिन्सन माझ्या आयुष्यात शाळेच्या पुस्तकातून आली. ‘मी कुणीच नाही, तू कोण?’ ही तिची कविता. त्या छापील कवितेत स्वल्पविराम जिथल्या तिथे होते, सगळं नीट भांग पाडल्यासारखं. मला ती एखाद्या गोड, लाजऱ्या बाईची कविता वाटली होती. पुढे इथं आल्यावर गावच्या वाचनालयातून मी तिच्या समग्र कवितांचा जाड ग्रंथ आणला आणि पहिल्याच पानावर अडखळले. स्वल्पविराम नाहीतच. त्या जागी आडव्या रेघा. शब्द, रेघ, शब्द, रेघ. वाक्य संपतंय असं वाटावं तिथे रेघ आणि पुढे अथांग काहीतरी. मोठ्यानं वाचून बघितलं तेव्हा लक्षात आलं, ही रेघ म्हणजे श्वास अडकण्याची जागा आहे. जिना चढताना आपण मधेच कठड्याला हात लावून थांबतो तशी. शाळेतली कविता आणि ही कविता एकाच बाईची होती, फक्त मधे कुणीतरी तिचा जिना गुळगुळीत करून टाकला होता.

तिला याचा किती त्रास होत असेल याचा एक छोटासा पुरावा आहे. तिच्या हयातीत दहाएकच कविता छापून आल्या, त्याही नावाशिवाय. १८६६ साली गवतातल्या सापावरची कविता स्प्रिंगफिल्डच्या वर्तमानपत्रात आली. छापणाऱ्यानं तिसऱ्या ओळीच्या शेवटी एक विरामचिन्ह घातलं. तिच्या मते तिसरी आणि चौथी ओळ एकच होती; त्या चिन्हानं त्यांची ताटातूट केली. तिनं हिगिन्सन या लेखकाला लिहून तक्रार केली की तिसऱ्या ओळीत विरामचिन्हानं माझा पराभव केला. पराभव! एका चिन्हासाठी हा शब्द वापरणाऱ्या बाईला आम्ही शाळेत लाजरी समजत होतो. कविता छापणं म्हणजे माणसाच्या मनाचा लिलाव, असं लिहिणारीही तीच.

हिगिन्सनशी तिची ओळख तिनंच काढलेली. एप्रिल १८६२. देशात यादवी युद्ध चाललेलं, तरुण मुलं पेट्यांमधून घरी परत येत होती, आणि एकतीस वर्षांच्या या बाईनं एका नामवंत लेखकाला चार कविता पाठवून विचारलं की माझी कविता जिवंत आहे का, हे सांगायला तुम्हाला सवड होईल का? पत्रावर सही नाही. सही एका वेगळ्या कार्डावर, ते कार्ड वेगळ्या छोट्या पाकिटात, आणि ते पाकीट पत्राच्या पाकिटात. कविता चांगली आहे का, असं तिनं विचारलं नाही. जिवंत आहे का, असं विचारलं. नाडी बघायला वैद्याकडे यावं तसं. हिगिन्सन गोंधळला, काही दुरुस्त्या सुचवल्या, तिनं अत्यंत नम्रपणे आभार मानले आणि एकही दुरुस्ती केली नाही. आठ वर्षांनी, १८७० च्या ऑगस्टमध्ये, तो तिला भेटायला या घरी आला. लहान मुलासारखी हलकी पावलं वाजली, पांढऱ्या कपड्यातली एक बाई आत आली, दोन लिलीची फुलं त्याच्या हातावर ठेवली आणि दबक्या आवाजात म्हणाली, ही माझी ओळख. मग ती बोलतच राहिली. डोक्याचा वरचा भागच कुणी काढून नेला असं वाटलं की मला कळतं, ही कविता आहे, असं तिनं त्याला याच भेटीत सांगितलं. नंतर त्यानं बायकोला पत्रात कळवलं की माझी ताकद इतकी शोषून घेणारं माणूस मी कधी पाहिलं नाही, आपण तिच्या शेजारी राहत नाही हे बरं. मला तो खोटा वाटत नाही. एवढ्या प्रखर माणसासमोर तासभर बसणं सोपं नसणार.

आणि तरीही ती घरात काय करत होती? पाव भाजत होती. वडिलांना तिच्या हातचाच पाव लागायचा. १८५६ साली गावच्या जनावरांच्या जत्रेत तिच्या राय आणि मक्याच्या पावाला दुसरं बक्षीस मिळालं होतं. वरच्या खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली सोडून ती शेजारच्या मुलांना आल्याचा केक द्यायची. नारळाच्या केकची कृती लिहिलेला तिचा एक कागद आहे. दोन कप मैदा, एक कप नारळ वगैरे. त्याच्या पाठीमागे पेन्सिलीनं कविता, परत न येणाऱ्या गोष्टींची: बालपण, काही तऱ्हेच्या आशा, गेलेली माणसं. मी तो कागद चित्रात पाहिला तेव्हा कितीतरी वेळ पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली हे मला ठरवता येईना. उत्तरायुष्यात ती मिळेल त्या कपट्यावर लिहायची. चॉकलेटच्या वेष्टणावर, हिशेबाच्या तुकड्यांवर, फाडून सपाट केलेल्या पाकिटांवर. एका पाकिटाची झडप घराच्या छपरासारखी त्रिकोणी आहे, आणि तिच्यावरची कविता आशा आपलं घर कसं बांधते याविषयीच आहे. कागदाचा आकार बघून ओळ सुचली की ओळीसाठी कागद शोधला, कुणी सांगावं. तिच्या पांढऱ्या पोशाखाची प्रतिकृती त्या घरात ठेवलेली आहे. मोत्याच्या शिंपल्याची बटणं आणि उजव्या अंगाला एक खिसा. मी त्या खिशाकडे बघत राहिले. पेन्सिलीचा एक तुकडा आणि चार बोटं कागद मावेल एवढा.

पण व्हिनीला कपाटात सापडले ते कपटे नव्हेत, निदान पहिल्यांदा तरी नव्हेत. लव्हिनियाला घरचे व्हिनी म्हणत, मीही आता तसंच म्हणते. तिला सापडल्या शिवलेल्या वह्या. चाळीस. आठशेहून जास्त कविता. एमिलीनं साधारण १८५८ ते १८६४ या सात वर्षांत त्या तयार केल्या. पत्र लिहायचे घडीचे कागद घ्यायचे, त्यांवर शाईनं स्वच्छ प्रती उतरवायच्या, चार-पाच घड्या एकावर एक रचायच्या, आणि डाव्या कडेला दोन भोकं पाडून दोरा ओवून गाठ मारायची. पहिले कच्चे खर्डे बहुतेक तिनंच नाहीसे केले. वहीवर नाव नाही, क्रमांक नाही, अनुक्रमणिका नाही. काही शब्दांच्या डोक्यावर बारीकसं फुलीचं चिन्ह, आणि पानाच्या तळाशी त्या शब्दाला पर्याय: हा नाहीतर हा नाहीतर हा. तिनं शेवटपर्यंत निवड केलीच नाही. पक्की प्रत करूनही दार उघडं ठेवलं.

मार्गदर्शक बाई हे सांगत होत्या तेव्हा त्यांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून हवेत सुई ओवल्यासारखं केलं. माझ्या पोटात काहीतरी हललं ते त्या क्षणी. मावशीच्या तेरा वह्यांपैकी सगळ्यात जुन्या वह्या मी पन्नास वर्षांपूर्वीच्या धरल्या तर त्यांची कव्हरं पिवळी, ठिसूळ, कोपऱ्यांना फाटलेली असायला हवी होती. ती तशी नव्हती. पानं जुनी होती, कव्हरं नवी होती. माझ्या बोटांना तो कोरा खाकी कागद अजून आठवतो, त्याचा तो किंचित करकरणारा स्पर्श, आत दुमडलेल्या कडा. कुणीतरी अलीकडेच, बसून, एकेका वहीचं माप घेऊन कव्हरं बदलली होती. जी वही बंबात जायची तिला कुणी नवं कव्हर घालतं का?

मी अ‍ॅमर्स्टला जाईपर्यंत हा प्रश्न मला पडलेला नव्हता.

घरी आल्यावर मी व्हिनीबद्दल मिळेल ते वाचत सुटले. एमिलीवर ग्रंथांच्या भिंती उभ्या आहेत. व्हिनीचं नाव त्यांत येतं ते चौकटीतल्या खिळ्यासारखं. फटकळ जिभेची, मांजरं पाळणारी, लग्न न केलेली. बहिणीचे कपडे शिवायला टाकायचे तर मापाला व्हिनी उभी राहायची, कारण एमिली शिंपिणीसमोर यायची नाही आणि दोघींची चण सारखी होती, असं सांगतात. दाराशी आलेल्याला तोंड द्यायची व्हिनीच. एमिली वर खोलीत राहू शकली, कारण खाली व्हिनी होती आणि स्वयंपाकघरात मॅगी माहर होती. मॅगी आयर्लंडहून आलेली, तीस वर्षं त्या घरात राबली. कवितांच्या वह्या आपल्या ट्रंकेत होत्या असं नंतर मॅगीनं सांगितलं, आणि तिलाही त्या जाळायला सांगितलं होतं, तिनं ऐकलं नाही, असंही म्हणतात. एमिली गेली तेव्हा तिच्या इच्छेप्रमाणे त्या आवारात काम केलेल्या सहा आयरिश गड्यांनी तिला उचललं. पुढच्या दारानं नव्हे, मागच्या. बागेतून, उघड्या कोठारातून, पिवळ्या फुलांनी भरलेल्या शेतांतून, घर शेवटपर्यंत नजरेत राहील अशा वाटेनं. आणि त्या आधी व्हिनीनं तिच्या हाताशी जांभळ्या हेलिओट्रोपची दोन फुलं ठेवली. जज्ज लॉर्डसाठी, म्हणाली. लॉर्ड दोन वर्षांपूर्वीच गेले होते. एमिलीचं त्या वृद्ध न्यायाधीशांवर उतारवयात प्रेम जडलं होतं आणि घरात त्याची वाच्यता नव्हती. व्हिनीला ठाऊक होतं. तिनं फुलं पाठवली.

मला या दोन फुलांचं फार वाटतं. पत्रं जाळली ती हीच बाई. त्या पत्रांत काय काय असेल याची अभ्यासक आजही हळहळ करतात: लॉर्डची पत्रं, हिगिन्सनची उत्तरं, वर्षानुवर्षं कुणाकुणाचं आलेलं. सगळं गेलं. एमिलीनं जगाला लिहिलेलं उरलं, जगानं एमिलीला लिहिलेलं जवळजवळ सगळं राख झालं. ‘हे माझं पत्र जगाला, ज्यानं मला कधीच लिहिलं नाही’ अशी तिची एक ओळ आहे. व्हिनीच्या चुलीनं ती ओळ वेगळ्याच अर्थानं खरी केली. मी आधी तिच्यावर चिडायचे. आता चिडता येत नाही. तिनं दुसऱ्यांची पत्रं जाळली, म्हणजे दुसऱ्यांचा विश्वास सांभाळला. आणि कविता हातात आल्यावर त्याच बाईनं ठरवलं की या मात्र जाणार नाहीत. कुणाला विचारून नाही. तिला कविता फारशी कळत होती असंही नाही. पण आपल्यात जोन ऑफ आर्क संचारल्यासारखं झालं, असं तिनं स्वतः लिहून ठेवलंय.

पुढचं फार सुंदर नाही. व्हिनीनं वह्या आधी वहिनीला, सुझनला दिल्या. एमिलीनं आयुष्यात सर्वांत जास्त कविता जिला पाठवल्या ती ही, मधली पायवाट ओलांडली की तिचं घर. पण सुझनचं घर तेव्हा आतून मोडलेलं होतं. १८८३ च्या ऑक्टोबरात तिचा आठ वर्षांचा धाकटा मुलगा विषमज्वरानं गेला होता. त्या रात्री कित्येक वर्षांनी एमिली आपल्या घराबाहेर पडून त्या घरात गेली, औषधांच्या उग्र वासानं तिला मळमळायला लागलं आणि ती पहाटे आजारी होऊन परतली. मुलगा तापात ओरडत होता, दार उघडा, दार उघडा, ते माझी वाट बघतायत. हे एमिलीनंच पत्रात लिहिलंय. आणि सुझनचा नवरा, म्हणजे एमिलीचा भाऊ ऑस्टिन, गावातल्या खगोलशास्त्राच्या प्राध्यापकाच्या बायकोच्या, मेबल टॉडच्या प्रेमात होता. सुझनकडून काम पुढे सरकेना तेव्हा व्हिनी अधीर होऊन त्याच मेबलकडे गेली. मेबल त्या घरात येऊन पियानो वाजवायची, एमिली वरच्या अंधाऱ्या बोळात बसून ऐकायची, पण दोघींची समोरासमोर भेट कधीच झाली नाही. अशा बाईनं टंकयंत्रावर, हातानं, रात्रंदिवस शेकडो कविता उतरवून काढल्या. नोव्हेंबर १८९० मध्ये बॉस्टनला पहिलं पुस्तक निघालं. मेबलनं आणि हिगिन्सननं यमकं सारखी केली, रेघा काढून टाकल्या, कवितांना नावं दिली. मृत्यूच्या गाडीची जी कविता आज सगळे जाणतात तिचं एक आख्खं कडवंच गाळलं. तरी पुस्तक दोन वर्षांत अकरा वेळा छापावं लागलं.

मेबलनं वह्यांचे दोरे सोडवले. काम सोपं जावं म्हणून पानं सुटी केली, आणि क्रम हरवला. त्यातल्या एका कवितेवर, जिच्यात एमिलीनं सुझनला बहीण म्हटलं होतं, कुणीतरी शाईनं रेघोट्या मारून ती खोडून टाकली. मग जमिनीच्या एका तुकड्यावरून व्हिनी आणि मेबल कोर्टात गेल्या, १८९८ मध्ये व्हिनी जिंकली, आणि मेबलनं आपल्याकडच्या सगळ्या कविता कापराच्या लाकडाच्या पेटीत घालून पेटी बंद केली. ती १९२९ पर्यंत उघडली नाही. सहाशेहून जास्त कविता १९४५ साली लोकांना पहिल्यांदा वाचायला मिळाल्या. रेघा आपल्या जागी परत आल्या १९५५ मध्ये, संपादक थॉमस जॉन्सनच्या हातून. आणि वह्यांचा क्रम? तो राल्फ फ्रँकलिन नावाच्या अभ्यासकानं लावला. कागदाच्या जाती बघून, एका पानाची शाई समोरच्या पानावर उमटलेली बघून, आणि सुईची भोकं जुळवून. या पानाचं भोक त्या पानाच्या भोकावर नेमकं बसतंय का. १९८१ साली त्या चाळीस वह्या जशा होत्या तशा लोकांनी पाहिल्या. शिवल्या गेल्या त्याला तोवर सव्वाशे वर्षं होत आली होती.

भोकं जुळवणाऱ्या त्या माणसाचा मला हेवा वाटतो. त्याच्याकडे भोकं तरी होती.

गेल्या काही दिवसांत मी हे सगळं मनातल्या मनात मावशीच्या बाजूनंही लढवून पाहिलं. तिला नसेल दाखवायचं. आपलं लिहिणं आपल्याबरोबर जावं हा माणसाचा हक्कच आहे, आणि ती स्पष्ट बोलली होती. एमिली कवितांबद्दल गप्प राहिली. मावशी गप्प राहिली नाही. मी जे केलं ते तिनं सांगितलेलंच केलं. हे सगळं पटतं, आणि मग मला ती कव्हरं आठवतात. माणूस एकच गोष्ट दोन आवाजांत सांगू शकतो का, एक तोंडानं आणि एक हातांनी? मावशी भूगोलाची बाई होती, नकाशाला रंग भरताना समुद्राची निळी कड ती तीन वेळा गिरवायची. तिचे हात उगीच काही करत नसत. तिनं मला निवडलं ते मी नक्की जाळीन म्हणून, की मी नक्की जाळणार नाही म्हणून?

मावशी हिवाळ्यात दुपारी मागच्या पडवीत बसायची. चारच्या सुमाराला ऊन तिरपं होऊन खांबाच्या सावलीला इतकं लांब करायचं की ती सावली विहिरीच्या काठावर चढायची. तेवढा वेळ तिला हाक मारलेली चालायची नाही. हिवाळी दुपारच्या अशाच एका तिरप्या उजेडावर एमिलीची कविता आहे. तो उजेड चर्चमधल्या सुरांसारखा जड होऊन छातीवर बसतो, असं ती म्हणते, आणि तो आला की सगळा आसमंत कान देऊन ऐकतो, सावल्या श्वास रोखून धरतात. मी ती कविता पहिल्यांदा वाचली तेव्हा मला न्यू इंग्लंड दिसलं नव्हतं. मला पडवी दिसली होती, आणि मांडीवर काहीतरी घेऊन बसलेली मावशी. काय होतं मांडीवर? मी नेहमी धरून चालले की निवडायचे तांदूळ.

ऑक्टोबर संपायच्या आत मी पुन्हा एकदा अ‍ॅमर्स्टला गेले. या वेळी घरात नाही गेले, सरळ वेस्ट सेमेटरीत. लोखंडी कुंपणाच्या आत त्यांच्या कबरी ओळीनं आहेत. एमिलीच्या दगडावर ‘बोलावणं आलं’ अशा अर्थाचे दोन शब्द कोरलेले. चुलतबहिणींना धाडलेल्या शेवटच्या चिठ्ठीतले हे तिचेच शब्द. दगडाच्या माथ्यावर लोकांनी ठेवलेल्या पेन्सिली, गोटे, एक बाभळीसारख्या पिवळ्या फुलांची वाळकी काडी, पावसात भिजून फुगलेली एक चिठ्ठी. शेजारी व्हिनी. तिच्या दगडावर त्या दिवशी फक्त मेपलची पानं होती. मी बराच वेळ तिच्यासमोर उभी राहिले. काही ठेवलं नाही. माझ्याकडे ठेवण्यासारखं काही नव्हतं, आणि मागण्यासारखं होतं ते तिला देता आलं नसतं.

त्या रात्री आईला फोन लावला. साताऱ्यात सकाळ, मागे कुकरची शिट्टी, कुणीतरी अंगण झाडत होतं. आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, ऐकायला कमी येतं, म्हणून मी मोठ्यानं बोलते आणि मोठ्यानं बोललं की अवघड गोष्टी आणखी अवघड होतात. तरी मी सगळं सांगितलं. वह्या, बंब, कव्हरं, अर्ध्यात तुटलेल्या ओळी. पलीकडे इतका वेळ शांतता होती की मला वाटलं फोन कटला.

“मला माहीत होतं,” आई म्हणाली.

“काय माहीत होतं?”

“ती लिहायची ते. लहानपणी मला वाचून दाखवायची की. गच्चीवर, उन्हाळ्यात, अंथरुणं घातल्यावर. मला झोप यायची आणि ती म्हणायची, ऐक गं, एवढंच ऐक.”

“काय वाचायची, आई?”

“आता साठ वर्षांनी काय आठवणार बाळा. एक होतं... चिंचेच्या झाडाचं काहीतरी होतं. रात्री चिंच पानं मिटते ना, तसं काहीतरी. पहिली ओळ छान होती गं.”

मी काहीच बोलले नाही. कुकरची दुसरी शिट्टी झाली. आईनं कुणाला तरी गॅस बंद करायला सांगितलं.

“थांब,” ती म्हणाली, “फोन ठेवू नकोस. येतंय. ‘चिंच मिटते तेव्हा’... नाही, तसं नव्हतं. थांब जरा.”

मी पेन्सिल शोधायला लागले.